सरदारबहादूर भाई रामसिंग : चरित्र व कार्य

स्मरणिकेच्या या भागात एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा आपल्या ज्ञातिसंस्थेचा प्रघात आहे. बहुधा हा मान संतांना किंवा दानशूर गृहस्थांना मिळतो, व तो योग्यच आहे. या वर्षी मात्र ज्यांच्या हातात आयुष्यभर पटाशी व पेन्सिल याच दोन वस्तू राहिल्या, अशा एका सुताराचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. भाई रामसिंग हे महाराष्ट्रीय नव्हेत. ते पंजाबातील रामगढिया शीख होत. लाहोर व अमृतसर येथील जाणत्या लोकांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणी ऐकलेले नाही. सुताराचा मुलगा केवळ रंध्याच्या आणि रेषेच्या बळावर इंग्लंडच्या राणीच्या घरात जाऊन तिचे दालन सजवितो व पुढे एका नामांकित कलाशाळेचा प्राचार्य होतो, ही हकीकत विश्वकर्म्यास मूळपुरुष मानणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असावयास हवी.

रामगढिया म्हणजे कोण, हे प्रथम सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात जस्सासिंग नावाचा एक पराक्रमी शीख सरदार होऊन गेला. तो सुतार कुळातला. अमृतसर येथील रामरौणी नावाची गढी त्याने नव्याने बांधून काढली. त्या गढीस रामगढ हे नाव पडले व जस्सासिंग रामगढिया म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे पंजाबातील शीख सुतारांनी व लोहारांनी हेच नाव अभिमानाने धारण केले. आपल्याकडे बारा बलुत्यांत सुतारास जे स्थान, तेच तिकडे तरखाणास. शेतकऱ्याचा नांगर, गाडी, घराची चौकट व मोट ही कामे करावयाची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यावयाचा, हा व्यवहार नर्मदेच्या अलीकडे काय आणि सतलजच्या पलीकडे काय, सारखाच होता.

अशा कुळात गुरदासपूर जिल्ह्यातील बटाल्याजवळच्या रसूलपूर या खेड्यात रामसिंगांचा जन्म १८५८ साली झाला. कंपनी सरकारचा अंमल संपून हिंदुस्थान व्हिक्टोरिया राणीच्या छत्राखाली गेला, तेच हे साल. त्या राणीचा आणि या बालकाचा पुढे काही संबंध येईल, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. अमृतसर त्या काळी लाकडावरील कोरीव कामाचे मोठे केंद्र होते. तेथे मुलाचे हात लहानपणीच लाकडावर बसले. कोणा इंग्रज अधिकाऱ्याच्या घरच्या पियानोवरील हस्तिदंती कामाची नासधूस झाली असता ते या कोवळ्या पोराने दुरुस्त करून दिले व त्यामुळे त्याचे नाव साहेबलोकांच्या कानी गेले, अशी एक हकीकत सांगतात. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, बारीक कामात हा मुलगा थोरांना मागे टाकी एवढे तिच्यावरून दिसते.

१८७५ साली लाहोरास मेयो कलाशाळा निघाली. अंदमानात १८७२ साली मारले गेलेले गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांचे ते स्मारक होते. शाळेचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग हे आपल्या मुंबईहून तिकडे गेले होते. १८६५ पासून दहा वर्षे ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत वास्तुशिल्पाचे अध्यापक होते. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दर्शनी बाजूवर जी उठावाची शिल्पे आहेत ती त्यांच्याच योजनेची. सुप्रसिद्ध ग्रंथकार रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे चिरंजीव, व त्यांचा जन्म याच कलाशाळेच्या आवारात १८६५ साली झाला.

या किपलिंगसाहेबांची एक गोष्ट आपण मानली पाहिजे. त्या काळी कलाशाळांतून ग्रीक देवतांचे प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून त्यांवरून मुलांकडून चित्रे काढून घेत. लाहोरातील मुलांना मात्र ते वजीरखानाच्या मशिदीत, जुन्या हवेल्यांच्या सज्ज्यांखाली आणि बाजारातल्या खिडक्यांसमोर नेऊन बसवीत व तेथील नक्षी मोजून कागदावर उतरविण्यास सांगत. सुताराच्या मुलाला पटाशी चालविण्यास शिकवावे लागत नाही. ती विद्या त्याला घरीच मिळते. जे घरी मिळत नाही ते माप घेऊन रेखाटन करणे, नक्षीचा एक घटक घेऊन त्याची मांडणी बदलणे, आणि इमारतीचा नकाशा वाचणे. रामसिंग हे या शाळेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. शाळेने त्यांना रेषा दिली, हात त्यांनी घरून आणला होता. शिकता शिकता ते त्याच शाळेत शिक्षक झाले. १८८४ साली भारतीय कलेवरील एक सचित्र नियतकालिक निघाले व त्याचे संपादन किपलिंगसाहेबांकडे आले. त्यातही रामसिंगांची रेखाटने येऊ लागली.

येथे पंजाबी सुतारकामाची थोडी ओळख करून देतो, कारण पुढील भाग त्यावाचून नीट कळणार नाही. तिकडे पिंजरा नावाचे जाळीकाम असते. लाकडाच्या बारीक पट्ट्या भूमितीच्या आकृतीत एकमेकींत अशा अडकवितात की, खिळा नाही, सरस नाही, केवळ एकमेकींच्या दाबाने जाळी उभी राहते. आपल्याकडील जुन्या वाड्यांत महिरपी, खांबांवरील हस्त व दारावरची गणेशपट्टी यांवर कारागिराचा जीव असे, तसा तिकडे तो या जाळीवर व तिला कोंदण करणाऱ्या पट्टीवर असे. पट्टी ही साधी गोष्ट नव्हे. खोलीतील भिंत जेथे छताला मिळते, चौकट जेथे भिंतीला मिळते, तेथे तेथे सांधा असतो, आणि सांधा डोळ्याला खुपतो. तो झाकण्यासाठी पट्टी बसविण्यात येते. तिला गोला दिला तर त्यावर उजेड पडतो, गलता दिला तर त्यात सावली साठते. आणि उजेड व सावली यांच्या समांतर ओळींनीच खोलीला बांधेसूदपणा येतो. कोपऱ्यात दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडावयाच्या असतात. भिंती गुण्यात असतील तरच हा हिशेब जमतो. नसतील तर कोपऱ्याचा खरा कोन मोजून त्याचे दोन समभाग करावे लागतात. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना हे सांगावयास नको, परंतु आपल्या घरांतून आता अशीही पुष्कळ मुले आहेत की ज्यांनी रंधा हातात धरलेला नाही. त्यांच्यासाठी हा विस्तार केला.

राणीचे तिसरे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांना पंजाबचे हे कोरीव काम पाहून भुरळ पडली. हे ड्यूक १८८६ पासून १८९० पर्यंत मुंबई सैन्याचे सरसेनापती होते. महाबळेश्वरचे कॅनॉट शिखर त्यांच्याच नावाचे. इंग्लंडमधील बॅगशॉट पार्क या आपल्या निवासस्थानी बिलियर्ड खेळण्याची एक खोली लाहोरी पद्धतीच्या लाकूडकामाने मढवावी अशी त्यांनी इच्छा प्रकट केली. किपलिंग व रामसिंग या गुरुशिष्यांनी आराखडे केले, पंजाबी कारागिरांनी रामसिंगांच्या देखरेखीखाली कोरीव तावदाने तयार केली. त्यांची संख्या २०० च्या वर होती. हे सर्व काम समुद्रापार पाठवून तेथील भिंतींवर बसविण्यात आले. घर हजारो मैलांवर, भिंत डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि कागदावरील मापांवरून खोलीचा प्रत्येक तुकडा इकडे घडवावयाचा. त्यातही पंजाबच्या कोरड्या हवेत वाळलेले लाकूड इंग्लंडच्या दमट हवेत आडव्या अंगाने फुगते हे ध्यानात ठेवावयाचे. दोन सूत माप चुकले तर कोपरा उघडा पडावयाचा. येथे घरी मिळालेली विद्या पुरी पडत नाही; रेखाटनच उपयोगी पडते.

या खोलीची कीर्ती राणीपर्यंत गेली. व्हिक्टोरिया राणी १८७७ पासून हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणविली जात होती, परंतु हिंदुस्थान तिने कधी पाहिला नाही. आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीम तिच्या सेवेत होता व त्याच्याकडून ती म्हातारपणी हिंदुस्थानी भाषा शिकत होती. वाइट बेटावर ऑस्बोर्न येथे तिचे घर होते. ते सरकारी राजवाड्यांपैकी नव्हे. राणी व तिचे पती अल्बर्ट यांनी स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले, मुलेबाळे वाढविलेले घर. त्या घरास १८९० च्या सुमारास एक नवा भाग जोडण्यात आला व त्यातील मोठ्या भोजनगृहाला हिंदुस्थानी रूप द्यावे असे ठरले. किपलिंगसाहेबांना विचारण्यात आले. त्यांनी सर्वसाधारण योजना पत्करली आणि प्रत्यक्ष कामासाठी आपल्या शिष्याचे नाव सुचविले. १८९१ च्या आरंभी रामसिंग विलायतेस पोहोचले. वय ३२. हवा अनोळखी, खाणे अनोळखी, भाषा परकी.

हे दालन सुमारे ६० फूट लांब व ३० फूट रुंद आहे. एवढ्या दालनाच्या भिंती व छत पूर्णपणे कोरीव लाकडाने मढवावयाचे म्हटले असते तर अनेक कारागीर व अनेक वर्षे लागली असती. म्हणून निराळी युक्ती योजण्यात आली. नक्षीचा प्रत्येक घटक, म्हणजे वेलबुट्टीची पट्टी, कमानीचा तुकडा, छताच्या चौकटीचे फूल, रामसिंगांनी आखावयाचा व त्याचा मूळ नमुना लाकडात कोरावयाचा. त्या नमुन्यावरून साचा काढावयाचा आणि त्यात लंडनच्या जॅक्सन आणि सन्स या पेढीच्या कारागिरांनी लागतील तितक्या प्रती ओतून काढावयाच्या. काही प्रती प्लॅस्टरच्या होत्या, तर काही कागदाचा लगदा, खडूची पूड व सरस यांच्या मिश्रणाच्या. पट्टी एकदा कोरली की तिच्या शंभर बहिणी साच्यातून निघतात. त्या फुगत नाहीत, वळत नाहीत व वजनालाही हलक्या असतात. मात्र मूळ नमुन्यात केसाएवढा दोष राहिला तर तो शंभर ठिकाणी उमटतो. आणि पट्टीच्या एका टोकाची वेल पुढच्या पट्टीच्या आरंभाशी बेमालूम जुळली नाही तर सारी भिंत तुकड्यातुकड्यांची दिसते. कोपऱ्यात वेल कशी वळवावी, कमानीखाली तिचा शेवट कोठे करावा, याचा हिशेब आधी कागदावर करावा लागतो. आज सोलापुरातल्या नव्या घरांतून प्लॅस्टर ऑफ पॅरिसची छते व दुकानातून तयार आणलेल्या मोल्डिंगच्या पट्ट्या सर्रास दिसतात. त्यामागची युक्ती हीच आहे. फरक एवढाच की, आता मूळ नमुना कोणी कोरला हे बसविणारासही ठाऊक नसते.

सर्वच काम मात्र साच्यावर सोपविलेले नव्हते. शेगडीच्या वरच्या बाजूस भिंतीवर पिसारा फुलविलेला एक भव्य मोर आहे. त्या एकट्या मोरासाठी ५०० तास लागले असे सांगतात. दिवसाचे ८ तास धरले तरी हे दोन महिन्यांहून अधिक काम होते. दालनाच्या नक्षीत गणपतीलाही स्थान दिलेले आहे. ज्याने काम केले तो शीख, जिच्यासाठी केले ती ख्रिस्ती, खाली अंथरलेला गालिचा आग्र्याचा, आणि भिंतीवर गजानन! आपल्या घराच्या दारावर गणेशपट्टी बसविताना सुताराला जी धन्यता वाटते, ती त्या परक्या बेटावर रामसिंगांनाही वाटली असेल असे मानण्यास हरकत नाही. दालनाचे नाव दरबार दालन असे पडले. छत व भिंती पांढऱ्याशुभ्र ठेविल्यामुळे नक्षीचा सारा खेळ उजेड व सावली यांवरच राहिला आहे. गोल्याचे व गलत्याचे जे तत्त्व वर सांगितले, त्याची एवढी मोठी परीक्षा क्वचितच झाली असेल.

या कामानिमित्त रामसिंगांचे विलायतेतील वास्तव्य १८९३ पर्यंत लांबले. राणीचे त्यांच्या कामाकडे स्वतः लक्ष असे. रुडॉल्फ स्वोबोडा नावाचा ऑस्ट्रियन चित्रकार राणीसाठी हिंदी माणसांची चित्रे काढीत असे. त्याच्याकडून १८९२ साली तिने रामसिंगांचेही चित्र काढविले. परकी राज्यकर्ती, तिचे घर, आणि त्यासाठी आपल्या कारागिराने आपले कौशल्य वेचावे, हे आज काहींना रुचणार नाही. परंतु आपल्या पूर्वजांनी पेशव्यांचे वाडे बांधले, बादशहांच्या मशिदी बांधल्या आणि गिरणीमालकांचे बंगलेही बांधले. कारागिराला धनी निवडण्याचे स्वातंत्र्य त्या काळी कितीसे होते? काम कसे करावयाचे एवढेच त्याच्या हाती होते.

खरी खंत वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. दरबार दालनाचे वर्णन करताना पुष्कळ काळ योजक म्हणून किपलिंगसाहेबांचे नाव आधी येई व रामसिंगांचा उल्लेख त्यांच्या हाताखालचा देशी कारागीर असा होई. किपलिंगसाहेबांनी स्वतः शिष्याचे श्रेय कधी लपविले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण जग कोरणाऱ्याला हात समजते आणि आखणाऱ्याला डोके. एकाच माणसापाशी दोन्ही असतील, आणि तो माणूस सुताराचा मुलगा असेल, हे त्याला पटत नाही. रामसिंगांच्या पुढील आयुष्यातही हेच घडले. १८९३ साली किपलिंगसाहेब निवृत्त झाले. शाळेतला सर्वांत कसलेला माणूस रामसिंग हाच होता; पण प्राचार्याची जागा त्यांना मिळाली नाही. विलायतेहून आलेले प्राचार्य त्यांच्यावर नेमले गेले. त्यांतील पर्सी ब्राऊन यांनी पुढे भारतीय वास्तुकलेवर मोठा ग्रंथ लिहून नाव मिळविले. ब्राऊनसाहेब १९०९ साली कलकत्त्यास गेले, तेव्हा कोठे ती खुर्ची रामसिंगांकडे आली. मेयो कलाशाळेचे ते पहिले हिंदी प्राचार्य. त्या वेळी त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती, व १९१३ साली ते निवृत्तही झाले. सोळा वर्षे वाट पाहून मिळालेली जागा चारच वर्षे लाभली.

या मधल्या काळात मात्र ते स्वस्थ बसले नव्हते. खोली सजविणाऱ्या या माणसाने एव्हाना सबंध इमारती उभारण्यास आरंभ केला होता. विलायतेस जाण्यापूर्वीच लाहोरच्या एचिसन कॉलेजच्या इमारतीसाठी झालेल्या स्पर्धेत त्यांच्या आराखड्याची वाखाणणी झाली होती. ती इमारत जयपूरचे प्रसिद्ध वास्तुतज्ज्ञ स्विंटन जेकब यांची मांडणी व रामसिंगांचे दर्शनी रूप यांच्या मिलाफाने उभी राहिली. लाहोरचे संग्रहालय व त्याशेजारची कलाशाळेची इमारत यांतही त्यांचा हात आहे. परंतु त्यांचे सर्वांत मोठे काम अमृतसरचे खालसा कॉलेज. १८९२ साली ज्याचा पाया घातला गेला त्या या विद्यालयाची इमारत पाहिली म्हणजे घुमट, छत्र्या, कमानी व लाल विटांचे काम यांमधून एक सुतार बोलतो आहे असे वाटते. वीट व चुना वापरूनही कडेची पट्टी, चौकटीतील चौकट आणि कोपऱ्याचा वळसा यांवर त्यांची नजर कायम आहे. ल्यालपूरचे कृषी महाविद्यालय व पेशावरचे इस्लामिया कॉलेज हीही त्यांचीच. शिखांचे विद्यालय, मुसलमानांचे विद्यालय व संस्थानिकांच्या मुलांचे विद्यालय, ही सर्व एकाच रामगढिया सुताराने आखावी, हे आजच्या काळात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. सरकारने त्यांना सरदारबहादूर ही पदवी व राजघराण्याच्या सेवेबद्दलचा एम. व्ही. ओ. हा सन्मान दिला. १९१६ साली ते निवर्तले.

एवढ्या मोठ्या माणसाचा विसर का पडावा? याचे एक कारण १९४७ च्या फाळणीत आहे. रामसिंग ज्या गावी जन्मले ते आणि खालसा कॉलेज हिंदुस्थानात राहिले. त्यांची शाळा, लाहोरचे संग्रहालय, ल्यालपूर, पेशावर हे सारे पाकिस्तानात गेले. तिकडील शीख घराणी इकडे आली, आणि त्यांच्या इमारती ओळखणारे मागे कोणी राहिले नाही. ल्यालपूरचे तर नावही बदलून फैसलाबाद झाले. मेयो कलाशाळा १९५८ साली राष्ट्रीय कला महाविद्यालय झाली. इकडच्या लोकांना तिकडच्या इमारती पाहता येत नव्हत्या, आणि तिकडच्या लोकांना या शीख शिल्पज्ञाची आठवण ठेवण्याचे कारण उरले नव्हते. तरीही त्यांचे समग्र कार्य एकत्र करून त्यांचे श्रेय त्यांना देणारा ग्रंथ निघाला तो लाहोरातूनच. परवेझ व साजिदा वंडाल या तेथील वास्तुविशारद पतीपत्नींनी तो २००६ साली प्रसिद्ध केला.

व्हिक्टोरिया राणीचे निधन २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्न येथेच झाले व पुढल्या वर्षी तिच्या पुत्राने ते घर राष्ट्रास अर्पण केले. आता ते लोकांना पाहण्यास खुले असते. मोराची शेगडी, पांढरे छत व गणपती जागच्या जागी आहेत. दरबार दालनाकडे जाणाऱ्या मार्गावर राणीने काढविलेली हिंदी माणसांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. त्यांत विणकर, कुंभार, शिपाई व खिदमतगार यांच्या बरोबरीने पागोटे बांधलेले भाई रामसिंगही आहेत.